सेवेची मोजदाद

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची सभा भरली होती. इंदूरच्या मराठी मंडळाची सभा म्हटली की तिचा क्रम ठरलेला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावयाचे, गणेशोत्सवाच्या वर्गणीची थकबाकी काढावयाची, वाचनालयात परत न आलेल्या पुस्तकांबद्दल हळहळावयाचे आणि मग पोहे व चहा. त्या दिवशी मात्र पोहे येण्यापूर्वी एक लहानसा प्रश्न निघाला आणि सभेची सारी रीतच बिघडली.

विषय होता सेवाकार्याचा. आमचे मंडळ दरवर्षी शहराबाहेरील एका वस्तीत नेत्रतपासणीचे शिबिर घेते, तेथल्या शाळेत वह्या वाटते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी मल्लखांब व खो-खोचे वर्ग चालवते. चिटणीसांनी अहवाल वाचला : इतके चष्मे, इतक्या वह्या, इतकी मुले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बाईंचा आवाज आला. बाई म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सभेतील निम्मे पदाधिकारी त्यांच्या हातची छडी खाऊन मोठे झालेले.

"गेल्या वर्षी दिलेल्या चष्म्यांपैकी किती आज डोळ्यांवर आहेत? कुणी जाऊन पाहिलेत का रे?"

कुणीच पाहिले नव्हते. जाऊन पाहावे असे ठरले, तेव्हा कळले की शिबिराच्या वहीत नावे आहेत, अंगठे आहेत, चष्म्याचे नंबर आहेत. पत्ता मात्र एकाचाही नाही. ज्यांना आम्ही 'दृष्टिदान' केले असे अहवालात छापले, त्यांचे घर सापडावे एवढीही खूण आम्ही ठेवली नव्हती. ती वही माझ्याच हस्ताक्षरातली होती. म्हणून हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते. पण लिहिणे भाग आहे.

त्या रात्री झोप येईना. गडचिरोलीच्या कामाविषयी पूर्वी वाचलेले एकेक आठवू लागले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची नावे आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. पण आपण त्यांना ओळखतो ते 'आदिवासींची सेवा करणारे दांपत्य' म्हणून, आणि तेवढ्यावरच थांबतो. त्यांनी सेवा केली हे खरेच. परंतु त्या सेवेचा हिशेब ठेवला, आणि तो इतका काटेकोर ठेवला की साऱ्या जगाला तो वाचावा लागला. मला तर ही दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ वाटते.

दोघेही नागपूरला वैद्यक शिकले. १९८४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे शिक्षण पुरे करून ते परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापन केली. जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा केलेला. घनदाट जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि गोंड व इतर गरीब समाजांची विखुरलेली खेडी, असा तो मुलूख.

आरंभीच एक ठेच लागली. गोंड समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे, हे त्यांनी तपासण्या करून शोधून काढले. संशोधन उत्तम होते. परंतु ज्यांच्यासाठी केले ते लोक मुळी हललेच नाहीत. त्यांना वाटत होता तो त्रास वेगळाच होता. आपण लोकांवर संशोधन केले, लोकांबरोबर केले नाही, अशी कबुली पुढे डॉ. बंगांनी स्वतःच दिली आहे. मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाने आपली चूक अशी उघड सांगावी, हे आपल्याकडे वारंवार घडत नाही.

त्यानंतर प्रश्न विचारण्याची दिशाच बदलली. राणीताईंकडे बायका येत आणि पदराआड तोंड लपवून जे सांगत, ते कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हते. खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच तेव्हाच्या आरोग्यखात्याला ठाऊक. म्हणून वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचा काही ना काही आजार निघाला. सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून अधिक. आणि त्यांतल्या अवघ्या आठ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगभरची दृष्टी पालटू लागली, त्यात या दोन गावांचा मोठा वाटा आहे. वाचकभगिनींनो, एक विचारू का? वसा-अमिर्झा दूर राहिली. आपल्या माजघरात तरी या दुखण्यांचा उच्चार किती होतो?

दुसरी कथा श्वासाची. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. डॉक्टर दूर, गावात होत्या त्या सुईणी. मूल दर मिनिटाला किती श्वास घेते हे मोजले तर न्यूमोनिया ओळखता येतो : दोन महिन्यांखालील बाळाचे साठ, त्याहून मोठ्याचे पन्नास ही धोक्याची रेषा. पण अनेक सुईणींना साठ काय, वीसपर्यंतही अंक येत नव्हते. एखाद्या शहरी समितीने येथे 'प्रथम साक्षरता वर्ग काढावेत' असा ठराव करून चहा मागवला असता. बंगांनी मण्यांची एक पाटी केली. तिच्यावर एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, एक मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा तांबडा मणी सरकला तर तो न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले म्हणजे पुरे! सुईणी आणि गावातील आरोग्यसेवक गोळ्या-औषध देऊ लागले. या कामाचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. शेजारच्या, तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते साडेतेरा टक्के.

तरीही नवजात अर्भके जातच होती. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत जाणारे मूल हे आपल्याकडे जणू हिशेबातच धरत नसत. बारसेही झालेले नसते. आई रडते, घरातली वडीलधारी 'देवाचे होते, देवाने नेले' म्हणतात आणि दार लोटले जाते. माझ्या आजीची अशी दोन गेली. 'तुला किती मुले?' असे विचारले की ती 'पाच' म्हणे, आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, 'सात'.

'सर्च'ने ही मोजदाद घरोघर सुरू केली. ३९ गावांत काम करायचे आणि ४७ गावांत केवळ नोंद ठेवायची, असे ठरले. १९९५-९६ या पहिल्या वर्षी नवजात बाळांना घरी काय काय होते हे नुसते पाहून टिपले. तेव्हा आढळले की निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि तो मिळाला होता शंभरातील तिघांनाही नाही. मग प्रत्येक गावातून एक बाई निवडली. पाच ते दहा इयत्ता शिकलेली, तेथेच नांदणारी. तिला 'आरोग्यदूत' म्हटले. बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, अंगाला हात लावून आणि तापमापक लावून ऊब पाहणे, आईला अंगावर पाजायला शिकवणे ही तिची कामे. आणि जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे दिसली तर आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे. खेड्यातल्या सातवी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, या कल्पनेनेच शहरातल्या अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. पण बाई बाळाच्या दारात होती आणि डॉक्टर नव्हते. वाद तेथेच संपायला हवा होता.

आकडे असे आहेत. काम सुरू होण्यापूर्वी, १९९३ ते ९५ या काळात, त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात. तिसऱ्या वर्षी ही संख्या साडेपंचविसावर आली. तुलनेच्या गावांत ती होती तेथेच, साठाच्या आसपास राहिली. डिसेंबर १९९९ मध्ये हा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये आला.

येथे एक काटा मला टोचतो, तो लपवीत नाही. त्या ४७ गावांचे काय? तेथेही आया होत्या. सरकारी आरोग्यसेवा तेथे नेहमीप्रमाणे चालू होती, कुणाचे काही काढून घेतलेले नव्हते, हे मान्य. तुलना नसती तर 'चांगला पाऊस झाला, सुबत्ता आली, म्हणून मुले वाचली' असे म्हणायला टीकाकार मोकळे राहिले असते, हेही मान्य. त्या गावांच्या नोंदींमुळेच पुढे लाखो घरांना उपयोग झाला. हे सारे पटूनही मन पुरते निवांत होत नाही, आणि होऊ नये असेच मला वाटते.

उपयोग झाला, पण किती काळाने! २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही घरभेटींची पद्धत देशभर लागू केली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात. १९९९ ते २०११ म्हणजे बरोबर एक तप. आज आपल्या माळव्यातील एखाद्या खेड्यात आशाताई वजनाची झोळी घेऊन बाळंतिणीच्या खोलीत शिरते, तेव्हा तिच्या पिशवीत थोडी गडचिरोली असते.

आणखी एक प्रसंग सांगून पुढे जातो. रुग्णालय बांधताना गोंडांना विचारले की तुम्हाला दवाखाना कसा हवा. ते म्हणाले, तुमच्या दवाखान्यात नातलगांना राहू देत नाहीत, आणि डॉक्टर पांढरे कपडे घालतात. पांढरे तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. मग झोपड्यांच्या वस्तीसारखा, रुग्णाचे आप्त जवळ राहू शकतील असा दवाखाना उभा राहिला आणि दंतेश्वरी देवीचे नाव त्याला दिले. ज्या परिसरात तो आहे त्याचे नाव शोधग्राम.

असो. आता पुन्हा आमच्या वहीकडे.

पुढच्या सभेत हे सारे मी सांगितले तेव्हा आमचे कोषाध्यक्ष म्हणाले, "अहो, ते डॉक्टर. आपण दुकानदार, कारकून, पेन्शनर. आणि देणगीदार चष्म्याला पैसे देतो, चष्मा पाहायला जाण्याच्या रिक्षाभाड्याला देत नाही." दुसरे वाक्य अगदी खरे आहे. पहिल्यावर बाई म्हणाल्या, "दहापर्यंत मोजता येतं ना तुला? मीच शिकवलंय."

गेल्या रविवारी बाई, मी आणि दोन कॉलेजची मुले वस्तीत गेलो. वहीतली नावे विचारीत गल्लीगल्ली फिरलो. काही माणसे गाव सोडून गेली होती, काहींनी चष्मा मोडल्याचे सांगितले, काही जण तो लावून बसले होते व आम्हाला पाहून हसले. एका आजींनी आम्हाला ओळखले. ट्रंक उघडून, फडक्यात गुंडाळलेला चष्मा त्यांनी काढून दाखवला. कोरा करकरीत, एक ओरखडा नाही.

"लावत का नाही, आजी?" मी विचारले.

त्या म्हणाल्या, "बेटा, दूरचं मला दिसतंच की. सुईत दोरा ओवता येत नाही. गोधड्या शिवून पोट भरते मी."

त्यांना लांबचा चष्मा दिलेला होता. शिबिरात गर्दी होती. भिंतीवरचा तक्ता वाचवून घेतला, नंबर काढला, अंगठा घेतला. आजींना काय पाहायचे आहे, हे विचारायला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

नवी वही बाईंनी स्वतः आखली आहे. नाव, वय, कोणत्या मंदिराजवळ किंवा नळाजवळ घर, काम काय करता, आणि पाचवा रकाना : काय दिसावेसे वाटते. शेवटी तीन कोरे रकाने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी व वर्षाने जाऊन पाहण्याचे. मल्लखांबाच्या मुलांसाठीही अशीच एक वही होते आहे. उंची, वजन आणि शाळेतील हजेरी तिच्यात यायची आहे. रिक्षाभाड्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मंडळांनी तो कसा सोडवला असेल तर जरूर कळवावे. आजींचा जवळचा चष्मा बुधवारी मिळणार आहे. तो घेऊन मीच जाईन.