पिवळ्या शिरा म्हणजे निदान नव्हे

हेब्बाळ येथे आमच्या प्रयोगक्षेत्राच्या कुंपणालगत क्रोटन बॉनप्लँडियानम हे तण वर्षभर तग धरून असते. मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जमिनीत पक्के रुजले आहे. त्याच्या पानांवर अनेकदा पिवळ्याधमक शिरांची जाळी दिसते; पान उलटले की पांढरी माशीही सापडते. भेंडीवरील केवडा पाहिलेल्या कोणालाही निदान हाती आल्यासारखे वाटते. मुंबई इलाख्यात 1924 मध्ये नोंदवला गेलेला केवडा आणि हा रोग, दोन्ही पांढरी माशीच पसरवते आणि दोन्हींत शिराच पिवळ्या पडतात. विषाणू मात्र निराळे आहेत.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा. क्रोटनच्या शिरा पिवळ्या करणारा हाच विषाणू टोमॅटोत पर्णगुच्छ रोग घडवतो, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तणावर पिवळी जाळी, टोमॅटोवर आखडलेली पाने, आणि कारण एकच! रानटी झाडाची पिवळी पाने मानवाच्या नजरेत फार पूर्वीच भरली होती, जपानमधील इ. स. 752 च्या एका कवितेतील तसा उल्लेख वनस्पतींच्या विषाणुजन्य रोगाची सर्वांत जुनी नोंद मानला जातो. पण नजर तेवढ्यावरच थांबते.

बेगोमोव्हायरसची जात ठरवण्यासाठी सुमारे 2,700 न्यूक्लिओटाइडांचा संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो; ज्ञात विषाणूंशी साम्य 91 टक्क्यांहून कमी भरले तरच नवी जात मानतात. पीसीआरने मिळालेल्या एखाद्या तुकड्यावरून नामकरण उरकण्याची घाई मला मान्य नाही.

कीटकशास्त्रज्ञांनीही स्वतःला या दोषातून वगळू नये. माशीच्या शरीरात विषाणूचा डीएनए आढळला म्हणजे ती वाहक ठरत नाही. रोगट पानावर बसलेली कोणतीही माशी तो रसाबरोबर शोषून घेते. निरोगी रोपावर माश्या सोडून रोग उतरतो का, हे पाहावेच लागते. शिवाय बेमिसिया टबॅकी हा बाह्यरूपावरून वेगळ्या न करता येणाऱ्या अनेक जातींचा समूह आहे. येथून जवळच कोलारला 1999 मध्ये त्यातील परदेशी ‘बी’ प्रकार आढळला आणि टोमॅटोवरील रोगाचे गणितच बदलले. म्हणून तणाच्या सर्वेक्षणात एकाच झाडाचे पान, त्यावरील माश्या आणि वाळवलेला वनस्पतिनमुना एकत्र जतन करणे बंधनकारक असावे. आज बहुधा फक्त पान जपले जाते आणि माशी कोणती होती, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

विषाणूची ओळख पटेपर्यंत शेतकऱ्याला सांगायचे ते एवढेच: बांधावरचे रोगट तण टोमॅटोची लागवड करण्यापूर्वीच काढावे. पीक उभे असताना ते उपटले, तर त्यावरील माश्या उठून शेजारच्या कोवळ्या रोपांवरच जाऊन बसतात.