सुभेदाराला पदवी हवी का?

सैन्यात धर्मगुरूची नायब सुभेदार म्हणून थेट भरती होते. त्याला पदवी लागते. जवान म्हणून दहावीवर भरती होऊन सुभेदार झालेल्याला लागत नाही. मग त्यालाही सक्ती करावी का? मी शिक्षक आहे, तरी म्हणेन, नको. १९६५ साली खेमकरणला रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद हवालदार होते. त्यांची पदवी कुणी विचारत नाही. १५ वर्षे सेवा केलेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्र सरकार गट ‘क’च्या नोकरीसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानते. म्हणजे सेवेतली तालीम सरकारलाही कबूल आहे. मात्र वर्दी उतरल्यावर खासगी नोकरीत कागदच मागतात. म्हणून सेवेत असतानाच शिकायला सवड द्या. इल्म हा जवानाचा हक्क असावा, बढतीची अट नव्हे.