झुकिनी : बी घरचे की विकतचे?

परसबागेत घरचेच बी वापरावे, हा आपल्याकडील जुना व बहुतांशी योग्य असा दंडक आहे. दोडका, घोसाळे, लाल भोपळा यांचे बी राखेत घोळून जपणाऱ्या गृहिणींनीच कित्येक देशी वाण आजवर टिकविले. परंतु अलीकडे परसात आलेल्या झुकिनीस हा दंडक सरसकट लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

झुकिनीची लागवड अवघड नाही. थंडीच्या दिवसांत, कुजलेले शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-तीन बिया सुमारे अडीच सेंटिमीटर खोल टोकाव्यात व पुढे एकच जोमदार रोप राखावे. दोन आळ्यांत पाऊण ते एक मीटर अंतर असावे. हे झाड झुडपासारखे वाढते. त्यास मांडव लागत नाही. दीड-दोन महिन्यांत फळे येऊ लागतात. ती वीतभर असतानाच तोडावीत.

प्रश्न उद्भवतो तो पुढील वर्षीच्या बियांचा. बाजारातील बरेचसे बी संकरित असते; त्याच्या फळातील बी पेरल्यास तशीच फळे मिळतील अशी शाश्वती नसते. शिवाय मधमाश्या जवळपासच्या शोभेच्या भोपळ्याचा पराग आणतात. त्यामुळे त्या वर्षीचे फळ कडू होत नाही. कडूपणा प्रकटतो तो त्या बियांपासून उगवलेल्या झाडांत. कारल्याच्या शेजाराने भोपळा कडू होतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

हा केवळ चवीचा प्रश्न नव्हे. कडूपणास कारण असणारे कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य शिजवूनही नाहीसे होत नाही. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतील कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले.

म्हणून संकरित झुकिनीचे बी दरवर्षी नवे घ्यावे. सरळ वाणाचे बी धरावयाचे असल्यास नर व मादी कळ्या आदल्या सायंकाळी दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी हाताने परागसिंचन करून मादी फूल पुन्हा बांधावे आणि ते फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या रोपाचे फळ खाऊ नये. भाजी चिरताना कच्ची फोड जिभेस लावून पाहावी. कडू लागल्यास थुंकून टाकावी व सबंध फळ फेकून द्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियांच्या पुड्या वाटतानाच ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी.