शर्यत बेचाळीस किलोमीटरची, अडवणूक एका रात्रीची

परभणी जिल्ह्यातील एक तरुण गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आला होता. काम कोर्टाचे होते. गायरान जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याची नोटीस त्याच्या वडिलांना आली होती. पिशवीतून कागद काढताना त्याची एक वही खाली पडली. वहीत मुंबई मॅरेथॉनचा हिशेब होता. रेल्वेचे स्लीपरचे जाण्यायेण्याचे तिकीट सातशेच्या आसपास. लॉजची खोली एका रात्रीचे दोन हजार चारशे. जेवण, लोकल, किरकोळ. खाली बेरीज आणि बेरजेवर काट मारलेली. प्रवेशाचे पैसे मित्रांनी वर्गणी काढून भरले होते. शरीर तयार होते, नाव नोंदले गेले होते, फक्त आदल्या रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. आम्ही विचारले, मग काय केलेस? तो म्हणाला, "साहेब, स्टेशनात बसून रात्र काढली आणि पहाटे धावलो."

बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर धावायचे आणि त्याच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या रांगेत उभा असलेला धावपटू वातानुकूलित खोलीत आठ तास झोपून आलेला. दोघांच्या छातीवर क्रमांक सारखाच, घड्याळही एकच. याला समान संधी म्हणायचे काय? आमचा प्रश्न एवढाच आहे.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्या पाठोपाठ राज्यात आणि देशात दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे पीक आले. साताऱ्यात यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन २०१२ पासून भरते. त्याच वर्षी लडाखची मॅरेथॉन सुरू झाली. गोव्यात २०१९ पासून पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत होते. या सगळ्या जाहिरातींत एक वाक्य ठरलेले असते, की शर्यत सर्वांसाठी खुली आहे. कागदावर ते खरेही आहे. जातीचा दाखला कोणी मागत नाही. पण दार उघडे ठेवून उंबरठा कमरेएवढा केला, तर आत कोण जाणार?

हा उंबरठा कसा तयार होतो ते नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक मोठ्या शर्यतींत छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तो आदल्या एक-दोन दिवसांत ठरलेल्या ठिकाणी जाऊन घ्यावा लागतो. मुंबईत पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचला सुटते. मराठवाड्यातून येणारी देवगिरी एक्स्प्रेस मुंबईत पोहोचते सकाळी, म्हणजे तोवर शर्यत सुरू होऊन गेलेली असते. तेव्हा आदल्या दिवशीच आले पाहिजे आणि आले म्हणजे राहिले पाहिजे. नाशिकच्या पुढच्या, विदर्भातल्या, कोकणातल्या प्रत्येक धावपटूवर ही एक रात्र नियमानेच लादलेली आहे. हजारो लोकांना एकाच शहरात, एकाच रात्री, एकाच भागात खोली हवी असते. ही गोष्ट लॉजवाल्याला ठाऊक असते आणि तो दर चढवतो.

इतरत्र हा उंबरठा आणखी उंच आहे. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून कित्येक दिवस आधी पोहोचावे लागते. लेहपर्यंत रेल्वे नाही. खारदुंग ला खिंडीवरून जाणारी बहात्तर किलोमीटरची शर्यत धावायची, तर राहण्याखाण्याचा खर्च प्रवेश शुल्काला कितीतरी मागे टाकतो. गोव्याच्या शर्यतीत नव्वद किलोमीटर सायकल चालवायची असते, म्हणजे माणसाबरोबर सायकलचेही भाडे. परदेशातल्या नामांकित मॅरेथॉनमध्ये तर सोडतीत नाव निघाले नाही तरी प्रवासी कंपनीकडून हॉटेलसह पॅकेज घेतल्यास प्रवेशाची हमी मिळते. नशिबालाही पैशाने मागे टाकता येते, ते असे.

आता सरकारकडे वळू. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात रेल्वेने दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या काही सवलती ठेवल्या आणि बाकीच्या थांबवल्या. त्यात ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, खेळाडूंचीही गेली. जुलै २०२२ मध्ये दिवसाला हजार रुपयांच्या आतल्या खोलीवरची जीएसटीची माफी काढून तिच्यावर १२ टक्के कर बसवला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा कर ५ टक्क्यांवर आणला. पूर्वीची माफी काही परत आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ही चांगली गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. तिच्यामुळे खेड्यातल्या मुलींना तालुक्याच्या शर्यतीपर्यंत जाता येते. पण रात्री मुलीने राहायचे कुठे? मुलगा स्टेशनात बसून रात्र काढील. मुलीचे आईबाप अशा रात्रीसाठी तिला पाठवणारच नाहीत. म्हणजे महागड्या खोलीचा पहिला बळी आमची लेक ठरते.

काही मित्र आम्हाला म्हणतात, वकीलसाहेब, भाकरीचा प्रश्न सुटलेला नाही आणि तुम्ही शर्यतींचे काय घेऊन बसलात? हा श्रीमंतांचा छंद आहे. आमचे उत्तर असे आहे. भल्या पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर कोण धावते ते एकदा जाऊन बघा. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी आपलीच पोरे धावत असतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत हिने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. दम आणि चिकाटी हे आपल्या कष्टकरी समाजाचे भांडवल आहे. ज्या खेळात हेच भांडवल लागते, तो खेळ खोलीभाड्यामुळे आपल्या हातून जात असेल, तर गप्प बसायचे काय?

आणि निवाऱ्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच किरकोळ नव्हता. १९१७ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी खानावळीत उतरले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. विद्वत्ता होती, पदव्या होत्या, हुद्दा होता. छप्पर नव्हते म्हणून त्यांना बडोदा सोडावे लागले. हे दुःख भोगलेल्या बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळा असून चालत नाही, शाळेच्या गावात राहण्याची सोय लागते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ (२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या दारात जात, धर्म, लिंग यावरून कोणालाही अडवता येणार नाही असे बजावले. जातीची पाटी कायद्याने उतरली. दराची पाटी आम्हाला त्याच दारात उभे करते. दोन्ही गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. दराविरुद्ध कलम १५ घेऊन कोर्टात जाता येणार नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच हा प्रश्न धोरणाचा आहे आणि तो लोकांनी लावून धरला पाहिजे.

हॉटेलवाले म्हणतील, मागणी वाढली की भाव वाढणारच. पण ही मागणी निर्माण कशी झाली? शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद केला जातो, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, पालिकेची यंत्रणा राबते. रस्ता जनतेचा, बंदोबस्त जनतेच्या पैशाचा आणि नफा मात्र प्रायोजकाचा व हॉटेलवाल्याचा, हा कुठला न्याय? परवानगी देणाऱ्याला अटी घालण्याचाही अधिकार असतो.

गरिबांची सोय करणे शहराला जमत नाही, असे आम्हाला कोणी सांगू नये. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. त्यांच्या खिशात लॉजचे पैसे नसतात. शिवाजी पार्कवर मंडप पडतो, पाणी, शौचालये आणि वैद्यकीय मदतीची सोय होते, रेल्वे जादा गाड्या सोडते, आपल्या संघटना जेवण वाढतात. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला, तेव्हा महापालिकेने अनुयायांना रात्र काढण्यासाठी शाळा उघडून दिल्या. हे सर्व आयते मिळाले नाही, समाजाने रेटा लावला म्हणून मिळाले. जे ६ डिसेंबरला होऊ शकते, ते मॅरेथॉनच्या आदल्या रात्री का होऊ नये?

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्सबर्ग या शहरांदरम्यान सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. १९२१ साली सुरू झालेल्या या शर्यतीत काळ्यांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडले. रॉबर्ट म्तशाली नावाच्या काळ्या धावपटूने १९३५ सालीच ती अनधिकृतपणे पुरी केली होती. त्याच्या नावाने शर्यतीत पदक द्यायला २०१९ साल यावे लागले. तिथे आज देशातल्या धावपटूला एक शुल्क आणि परदेशातून येणाऱ्याला त्याहून बरेच जास्त शुल्क आहे. ऐपत पाहून आकारणी करता येते, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बाहेरगावच्या धावपटूला बिब टपालाने किंवा शर्यतीच्या पहाटे द्यावा. आयोजकांना परवानगी देताना पालिकेने अट घालावी, की अल्प उत्पन्न गटातील काही धावपटूंची एका रात्रीची सोय करावीच लागेल. निमंत्रित धावपटूंना हॉटेल देता, तर या मुलांना किमान सतरंजी द्या. पालिका शाळा त्या रात्री उघडाव्यात, मुलींसाठी स्वतंत्र आणि सुरक्षित व्यवस्था असावी. रेल्वेने खेळाडूंची सवलत द्यावी आणि तीत अशा शर्यतींचाही समावेश करावा. खासगी बसला एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेता येणार नाही, असे राज्य शासनाने २०१८ साली ठरवून दिले आहे. जादा पैसे घेतले, तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीला कागदावर किंमत नसते.

आणि शेवटी स्वतःकडेही बोट. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर इथे आपली शेकडो बुद्धविहारे आणि समाजमंदिरे आहेत. वर्षातल्या किती रात्री ती कुलूपबंद असतात? जयंतीच्या एका मिरवणुकीत डीजेवर जेवढा पैसा उडतो, तेवढ्यात किती धावपटूंच्या रात्रीच्या जेवणाची सोय होईल, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने करून पाहावा. शासनाकडे मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण आपल्या विहाराचे कुलूप काढायला शासन येणार नाही.

परभणीच्या त्या तरुणाला आम्ही आमच्या विहाराच्या समितीतील कार्यकर्त्याचा नंबर दिला आहे. पुढच्या खेपेला तो स्टेशनात बसणार नाही. असे आणखी किती जण बसत असतील, याची यादी प्रत्येक शहरातल्या कार्यकर्त्यांनी करावी. नोटिशीची तारीख आम्ही कोर्टात बघून घेऊ; त्याच्या झोपेची तारीख समाजाने बघावी.