आठ दिवसांचे मालक

दिवाळीत गावाला निघालेले कुटुंब दारात उभे असते, बॅगा रिक्षात गेलेल्या असतात आणि किल्ली हातात देता देता सांगितले जाते, "रात्री झोपायला ये, कुंड्यांना पाणी घाल आणि हो, पिल्लाला तेवढी दूध-पोळी टाकत जा." अहिल्यानगरच्या सावेडी, केडगाव किंवा भिंगारमध्ये खोली घेऊन राहणारा पाथर्डी-जामखेडकडचा एखादा भाचा अशा वेळी हमखास सापडतो. त्यालाही बरेच वाटते. फ्रिज भरलेला, वायफाय फुकट, आणि पिल्लू ते केवढेसे!

पहिल्याच रात्री कुत्र्याचे ते केवढेसे पिल्लू आळी डोक्यावर घेते.

पिल्लाची यात काही चूक नसते. आठवडाभरापूर्वी ते आईच्या कुशीत, भावंडांच्या उबेत झोपत होते. नव्या घरातल्या माणसांचा वास जरा ओळखीचा होतो न होतो तोच ती माणसेही निघून जातात. अंधारात रडणे एवढा एकच उपाय त्याला ठाऊक असतो. त्यात लघवी धरून ठेवण्याचा हिशेब आणखी आखूड. जितके महिने वय तितके तास, फार तर एखादा वर. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लासाठी रात्रीतून दोनदा तरी उठायचे. दिवसाचे अठरा-वीस तास ते झोपते हे खरे; पण ते तास तुकड्यातुकड्यांनी येतात आणि एमआयडीसीतल्या पाळीशी किंवा कॉलेजच्या वेळापत्रकाशी कधीच जुळत नाहीत. खाणेही तीन-चार वेळा लागते, थोडे थोडे.

आणि त्या खाण्यातली दूध-पोळी आधी बंद करायला हवी. आईचे दूध सुटलेल्या अनेक पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही, जुलाब होतात. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातली करुणा घ्यावी, तूप मात्र पिल्लाच्या ताटलीत घालू नये. दिवाळीचे घर तर त्याच्यासाठी सापळाच असते. बेदाणे घातलेले लाडू आणि भेट आलेली चॉकलेटे कुत्र्यांना विषारी आहेत. कांदाही तसाच, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांद्याची गोणी प्रत्येक घराच्या कोपऱ्यात असणाऱ्या या जिल्ह्यात हे किती जणांना माहीत असते?

खरी भीती पार्व्होची. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा तो सर्वांत मोठा वैरी आहे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. तोवर पिल्लाला भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडायचे नसते. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे शू करायला तर बाहेर न्यायचे, पण रस्त्यावर नाही. मग गच्ची, धुतलेले अंगण, नाहीतर वर्तमानपत्र. (या पानाचा असाही उपयोग होत असेल, तर तक्रार नाही.)

पार्व्होची दुसरी खोड जास्त वाईट. लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांनी लक्षणे दिसतात. घरचे गेल्यावर चौथ्या दिवशी पिल्लाने उलटी केली, जेवण सोडले, शी रक्ताची झाली, तर विषाणू बहुधा मंडळी घरात असतानाच किंवा पिल्लू विकत घेतले तिथेच लागलेला असतो. बोल मात्र भाच्याला लागतो: "आम्ही होतो तेव्हा तर चांगलं खेळत होतं." अशा पिल्लाला त्याच दिवशी सलाइन लागते, तास महत्त्वाचे असतात. आणि नेमके तेव्हा भाच्याकडे ना लसीचे कार्ड असते, ना डॉक्टरांचा नंबर, ना पैसे.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा 'मालक' या शब्दात प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही धरतो. प्राण्याची काळजी घेण्याचे कर्तव्यही सांभाळणाऱ्यावर टाकतो. थोडक्यात, किल्ली घेतली की आठ दिवसांपुरता भाचाही मालक. पैसे न घेता, माहिती नसताना, 'तेवढं बघ' या दोन शब्दांवर ही जबाबदारी अंगावर येते, हे किल्ली देणाऱ्यालाही माहीत नसते.

चावण्याबाबतही असेच अज्ञान. दुधाचे दात सुईसारखे असतात आणि पिल्लू खेळताना चावतेच. लस न झालेल्या पिल्लाला रेबीज असू शकतो. म्हणून 'एवढंसं तर आहे' म्हणत हळद दाबून न बसता जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्यात धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शहर सोडून वस्तीवर गेले की प्रश्नच बदलतो. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. उसात राहणाऱ्या या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा त्याहून कितीतरी कमी. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे आकडे न वाचताही ठाऊक आहे. तरी घरचे लग्नाला गेले की शेजारी संध्याकाळी येतो, ओसरीवर साखळीने बांधलेल्या पिल्लापुढे भाकरी टाकतो आणि आपल्या घरी जातो. रात्रभर रडणारे, पळता न येणारे पिल्लू म्हणजे बिबट्याला दिलेले आवतणच. घर कितीही लहान असो, पिल्लू रात्री कडी लावलेल्या दाराच्या आत हवे.

कुत्र्यांच्या पाळणाघरांचा पर्याय सुचवला जातो. पण लसींचा पूर्ण कोर्स झाल्याशिवाय अनेक ठिकाणी पिल्लू घेतच नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. म्हणून ओझे पुन्हा नात्यावरच येते. यायला हरकत नाही, पण ते काम आहे हे मान्य करून यावे. निघण्याआधी दोन-तीन दिवस भाच्याला राहायला बोलवावे, म्हणजे पिल्लाला त्याचा वास ओळखीचा होईल. लसीचे कार्ड, डॉक्टरांचा नंबर, नेहमीचे खाणे आणि औषधपाण्याला पुरतील एवढे पैसे हातात द्यावेत. कामाचा मोबदलाही द्यावा, तो लाजत नको म्हणाला तरी.

आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. त्यानंतर पिल्लू आणल्यापासून लसी पूर्ण होणाऱ्या सोळाव्या आठवड्यापर्यंतचा काळ घरातच काढायची तयारी नसेल, तर अजून आणू नका. दिवाळीला गावी जायचे आहे ना? जाऊन या. पिल्लू नंतर आणा.