नोंदींचे कोठार : छोट्या रुग्णालयांसाठी एक विचार

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण स्वतःचा पूर्वेतिहास सांगू शकत नाही. प्रौढ माणूस 'मला पेनिसिलिन चालत नाही' एवढे तरी सांगतो. तीन दिवसांच्या अर्भकाचे काल रात्री बिलिरुबिन किती होते, वजन किती ग्रॅमने घटले, जेंटामायसिनची मात्रा किती वाजता दिली, हे सांगणारी एकच गोष्ट असते. ती म्हणजे नोंद. पूर्वी ही नोंद खाटेला अडकवलेल्या कागदावर असे, आता ती संगणकात असते. ती नेमकी कोठे आणि कशी साठवली जाते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या हैदराबादेतील वीस-तीस खाटांच्या रुग्णालयांचे चित्र साधारण सारखेच असते. एक किंवा दोन दणकट संगणक, आणि त्यांच्या पोटात चार-पाच आभासी सर्व्हर : एक बिलांचा, एक प्रयोगशाळेचा, एक क्ष-किरण व सोनोग्राफीच्या प्रतिमांचा, एक औषधालयाचा. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तसा हा प्रकार. विस्ताराची वेळ आली की पुरवठादार सुचवतो, 'डॉक्टरसाहेब, आता नेटवर्कवरची सामायिक साठवण घ्या.' म्हणजे माहिती दोन्ही संगणकांबाहेरच्या एका स्वतंत्र पेटीत ठेवायची. एक संगणक बंद पडला तर त्यावरील आभासी सर्व्हर काही मिनिटांत दुसऱ्यावर सुरू होतात, कारण माहिती दोघांनाही दिसत असते. हा लाभ खरा आहे, नाकारण्याचे कारण नाही.

परंतु येथेच थोडे थांबून पाहिले पाहिजे. दोन संगणक घेऊन आपण धोका विभागला, आणि एक पेटी घेऊन तो पुन्हा एकवटला. ती पेटी बसली तर दोन्ही संगणक धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतात. यावर उत्तर मिळते, 'आत रेड आहे, एक डिस्क गेली तरी काही बिघडत नाही.' अनेक डिस्का एकत्र बांधून एकीचे अपयश दुसरीने सावरायचे, ही रेडची कल्पना बर्कले विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ साली मांडली आणि ती उत्तम आहे. पण तिची मर्यादा आपल्याच भाषेत सांगतो. मूत्रपिंडे दोन असतात. एक निकामी झाले तर दुसरे भार वाहते. विष मात्र रक्तात भिनले तर ते दोन्हींपर्यंत पोहोचते. चुकून पुसलेली फाइल किंवा खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेली माहिती रेड तितक्याच इमानाने सर्व डिस्कांवर उतरवते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेला सायबर हल्ला आपल्या स्मरणात असेल. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर कारभार करावा लागला. पुढे सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. नेटवर्कचे योग्य विभाजन नव्हते, ही एक. संसर्गजन्य रुग्ण आपण सर्वसाधारण कक्षात ठेवीत नाही. तोच हा न्याय. दुसरी अशी, की ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती बाधा न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. त्याच वर्षी जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या विषाणूने थेट इंटरनेटला जोडलेल्या क्यूनॅपच्या साठवण-पेट्या जगभर कुलूपबंद केल्या होत्या. घरून अहवाल पाहता यावेत म्हणून अशी पेटी इंटरनेटवर उघडी ठेवणे म्हणजे अतिदक्षता विभागाचे दार रस्त्यावर उघडण्यासारखे आहे.

मग निवड कशी करावी? पेटीची कंपनी ठरवण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे प्रमुख डॉक्टरांनी स्वतः लिहून काढावीत. किती मिनिटांच्या नोंदी गमावणे परवडेल? किती वेळ कामकाज बंद राहिलेले चालेल? आणि रविवारी रात्री दोन वाजता दुरुस्तीला कोण येणार? बाह्यरुग्ण विभाग अर्धा तास कागदावर चालू शकत असेल, तर मला सामायिक पेटीची गरज दिसत नाही. दोन्ही संगणकांत स्वतःच्या एसएसडी बसवाव्यात आणि दर पंधरा मिनिटांनी एकाची प्रत दुसऱ्यावर जाईल अशी व्यवस्था लावावी. प्रॉक्समॉक्स वा हायपर-व्ही यांत ती सोय आहे. शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील, एवढीच त्याची किंमत. नवजात अतिदक्षता विभागाला हा खंड सोसणार नसेल, तर सामायिक साठवण अवश्य घ्यावी; मात्र ती दोन कंट्रोलर व दोन वीजपुरवठ्यांची, एसएसडीची, आणि स्वतंत्र दहा गिगाबिट नेटवर्कवरची असावी. फिरती हार्डडिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच विखुरलेल्या मागण्या पुरवते. सकाळी दहाला नोंदणी, प्रयोगशाळा आणि औषधालय एकाच वेळी मागू लागले की ती धापा टाकते, आणि रांगेतल्या मातेला वाटते की कर्मचारीच आळशी. जुन्या प्रतिमांच्या भांडारासाठी मात्र हार्डडिस्कच परवडते.

आणखी एक विचार बालरोगतज्ज्ञ म्हणून मांडतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. परंतु मुदतीच्या कायद्यानुसार अज्ञान बालकाला दाव्यासाठी मिळणारी मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजली जाते. म्हणून आज जन्मलेल्या बाळाची नोंद आपण वीस-एकवीस वर्षे सांभाळली पाहिजे. कोणतीही पेटी तेवढी टिकत नाही. त्या नोंदीला तीन-चार पेट्या तरी बदलाव्या लागणार. म्हणजे नोंदीचे आयुष्य पेटीपेक्षा मोठे आहे. माहिती सहज दुसरीकडे नेता येईल का, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. एकाच कंपनीच्या खुंटीला बांधून घेतलेल्यांची त्या वेळी जी कुचंबणा झाली, ती पुरेशी बोलकी आहे.

राहता राहिला बॅकअप, जो माझ्या मते सर्वांत आधी विकत घ्यावा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक वास्तूबाहेर, हा नियम सोपा आहे. आपल्या शहरात अनेक ठिकाणी सर्व्हर ठेवायला सेलरमधली अडगळीची जागा मिळते. ऑक्टोबर २०२०च्या पावसात शहरातील किती सेलर पाण्याखाली गेले, हे आपण पाहिले आहे. सप्टेंबर १९०८च्या मुशीच्या महापुरात अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. बॅकअप असा हवा : पुराच्या वाटेबाहेर, उंच आणि घट्ट मुळांचा. आणि त्यावर चढता येते की नाही, हे पूर येण्यापूर्वीच पाहिलेले बरे. दर तीन महिन्यांनी एक आभासी सर्व्हर बॅकअपवरून प्रत्यक्ष उभा करून पाहावा. ज्या बॅकअपवरून कधी काही परत आणून पाहिले नाही, तो बॅकअप म्हणजे निव्वळ समजूत.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. वास्तूबाहेरची प्रत आणि जाणकार तंत्रज्ञ हे दोन खर्च एकेकट्या रुग्णालयाला जड जातात. काचीगुड्याच्या रुग्णालयाची कुलूपबंद प्रत कुकटपल्लीच्या सहकाऱ्याकडे आणि त्याची याच्याकडे, किल्ली मात्र ज्याची त्याच्याजवळ, अशी परस्पर व्यवस्था सभासदांनी का करू नये? एक तंत्रज्ञ सर्वांनी मिळून का नेमू नये? अर्थात हे लेखी करारानेच व्हावे, कारण २०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १९०७ साली याच शहरात विवेकवर्धिनीची स्थापना झाली. येथील मराठी समाजाला एकत्र येऊन संस्था उभारणे आणि शतकाहून अधिक काळ सांभाळणे नवे नाही. आई-वडील बाळ आपल्या हाती देतात तेव्हा त्याची हकीकतही आपल्याच हाती देतात. ती आपण एका पेटीच्या भरवशावर सोडू नये, एवढीच माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना विनंती.