थंड इंजिन आणि आपली मराठी

मराठीच्या प्राध्यापकांनी इंजिनावर लिहावे काय? आमचे म्हणणे असे की, ते न लिहिल्यामुळेच घोटाळा झाला आहे, आणि त्या घोटाळ्यात आम्हीही वाटेकरी आहोत.

बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. जानेवारीतली इथली सकाळ बोचरी असते. अशाच एका सकाळी आमचा एक विद्यार्थी छोटी मोटार घेऊन मैदानावर आला. खेळण्याएवढीच, पण खरे इंधन पिणारी. मुठीत मावणारे तिचे इंजिन कोरे होते, ते आधी मोकळे करायचे होते. माहितीपुस्तिका इंग्रजीत. त्याला ती अर्धी कळली. आम्हांला सगळी वाचता आली आणि काहीच कळली नाही. तरी आम्ही सल्ला दिलाच: "नवे आहे, तापू देऊ नकोस." पोराने दोरी ओढली. पिस्टन वर जाऊन अडकला. त्याने जोर लावला, तशी दोरीच तुटली.

शेतातली इंजिने दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर शेजारीच राहतात. त्यांनी ते इंजिन हातात घेऊन सावकाश फिरवून पाहिले आणि म्हणाले, "वर घट्ट हाय. गरम करा ना आधी. थंड्या तव्यावर भाकर टाकतं का कोनी?"

पुढे आम्ही शोधून वाचले, तेव्हा त्या एका वाक्यात किती शास्त्र होते ते उमगले. या जातीच्या इंजिनात पिस्टनला कडी नसते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि तो ज्या नळीत फिरतो ती पितळेची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली. ही नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन तापले की नळी पिस्टनपेक्षा अधिक फुगते आणि दोघांत हवे तेवढेच अंतर उरते. थंडीत ती फुगतच नाही. मग प्रत्येक फेरीला पिस्टन वर घासतो, ज्या घट्टपणावर इंजिनाची ताकद उभी आहे तोच झिजतो, आणि पिस्टनच्या दांड्यावर नको तेवढा ताण येतो. म्हणून सुरू करण्याआधी केस वाळवण्याच्या यंत्राने इंजिनाचे डोके चांगले गरम करावे. गार वारा लागू नये म्हणून त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळावा. तेलमिश्रित इंधन थोडे सढळ सोडावे, पण इंजिन थंडच राहील इतके नाही. तापमान सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअस असावे. थोडा वेळ चालवावे, बंद करून पिस्टन खाली आणून ठेवावा, निवू द्यावे, पुन्हा चालवावे. अशा काही टाक्या झाल्या की इंजिन मोकळे होते.

आता विचारतो: या परिच्छेदात दुर्बोध काय आहे?

'मराठीत परिभाषाच नाही' ही आपली लाडकी सबब. ती खोटी आहे. मराठी विश्वकोशाने पिस्टनला 'दट्ट्या' असा ठसठशीत शब्द दिला. भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांची रांग उभी केली. शब्द आहेत, त्यांना घेऊन चालणारी वाक्ये नाहीत. वाक्ये लिहायला शिकवणे हे कोशकारांचे काम नव्हे, ते आपले. आपण काय करतो? 'व्यावहारिक मराठी'च्या नावाखाली रजेचा अर्ज, निमंत्रणपत्रिका आणि जाहिरात शिकवतो. एखादी कृती वाचणाऱ्याच्या हातून बिनचूक घडावी असे गद्य आपल्या व्यवहारात बसतच नाही काय?

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित: 'हे साहित्य नव्हे.' नसेल. पण १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि त्याच रोपातून मराठीतले एक मान्यवर मासिक वाढले. याच जिल्ह्यातल्या मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' घरोघरी पोचली ती जी. एन. जोशींच्या तबकडीवरून, म्हणजे एका यंत्रावरूनच. यंत्राचा विटाळ मराठी साहित्याला नव्हता. तो मराठी विभागांना आहे.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हीही पेढे वाटले. पण ज्या पोराची दोरी तुटली, त्याच्या हाती त्या दर्जाने एक पान ठेवलेले नाही. तो शिकला ते इंग्रजीच्या अर्ध्या आकलनावर आणि आमच्या पूर्ण अज्ञानावर. उद्या शेतातले नवे इंजिन त्याच्या हाती येईल. तेथे चुकीची किंमत एका दोरीवर भागणार नाही.

म्हणून आम्ही यंदा वर्गाला एक स्वाध्याय दिला आहे: 'थंडीत नवे छोटे इंजिन कसे मोकळे करावे?' शब्दमर्यादा ३००. उत्तरे आम्ही तपासणार नाही. ती त्या कारागिरांना वाचून दाखवू. त्यांनी मान डोलावली तरच गुण.